घरातील कुत्रा : त्याचे बोलणे आणि आपले ऐकणे

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या समारंभाला जनावरांच्या डॉक्टरणीला बोलावण्याचे धाडस आपल्या मंडळाने केले, याबद्दल प्रथम मी आपले आभार मानते. अशा प्रसंगी बहुधा मुलांचे संगोपन, आहारशास्त्र किंवा एखाद्या संताचे चरित्र असा विषय असतो. ‘घरातील कुत्रा’ हा विषय पत्रिकेवर वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात नवल नाही.

मी चिटणीसबाईंना सहज विचारले, “मंडळात कुत्रा पाळणाऱ्या भगिनी किती आहेत?” त्या म्हणाल्या, “हौसेने पाळणाऱ्या दोन-चारच; पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा पुष्कळ आहेत.” या उत्तरात मला आजच्या विषयाचे सारे मर्म दिसले. कुत्रा घरात येतो तो मुलांच्या हट्टाने. त्याचे नाव ठेवतात ते मुलांचे वडील. पहिले आठ दिवस सगळे घर त्याच्याभोवती नाचते. नवव्या दिवसापासून त्याचे खाणे, त्याची घाण, त्याचे आजारपण आणि शेजाऱ्यांची तक्रार, हे सारे घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. तेव्हा कुत्र्याविषयी दोन शब्द बोलावयाचे, तर ते महिला मंडळातच बोलणे योग्य.

आपल्या परंपरेत कुत्र्याला मोठा मान आहे. दत्तमहाराजांच्या पायांशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात. खंडोबाच्या बरोबर कुत्रा असतोच. महाभारताच्या शेवटी धर्मराजाने स्वर्गाच्या दारात उभे राहूनही सोबत आलेल्या कुत्र्याला सोडले नाही. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. (नामदेवांच्या भक्तीला नमस्कार करून डॉक्टर या नात्याने एवढेच सांगते, की तूप कुत्र्याला सोसत नाही.) उलटपक्षी, एखाद्याचा पाणउतारा करावयाचा झाला तरी आपल्याला कुत्राच आठवतो. म्हणजे कुत्र्याला आपण एकतर देवाजवळ बसवतो, नाहीतर शिवीत घालतो. तो एक प्राणी आहे, त्याला त्याचा स्वभाव आहे, त्याची भीती आहे, त्याची दुखणी आहेत, हे शांतपणे पाहावयाचे मात्र राहून जाते.

चाळीस वर्षे मी हा व्यवसाय करीत आहे. या काळात माझ्या ध्यानात आलेली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. कुत्रा सांगत नाही असे नाही; तो सारखा सांगत असतो. त्याचे सांगणे आपण ऐकत नाही, आणि पुष्कळदा सांगितल्याबद्दल त्याला मारतो. पुढचे सगळे अनर्थ त्यातून होतात.

कुत्र्याची भाषा

कुत्र्याचे जग आपल्या जगाहून निराळे आहे. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतील, तर कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधींनी असतात. आपल्या कानाला ऐकू न येणारे बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येतात. रंगांपैकी त्याला निळा आणि पिवळा नीट कळतात. लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही. म्हणून फिरावयास नेलेला कुत्रा दर खांबाशी थांबतो, तेव्हा त्याला ओढत नेऊ नये. आपण सकाळी वर्तमानपत्र वाचतो, तसा तो गल्लीतल्या बातम्या वाचत असतो. दहा मिनिटे हुंगू दिलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

त्याची भाषा तोंडापेक्षा अंगाने जास्त बोलली जाते. कुत्रा अस्वस्थ झाला की प्रथम तोंड दुसरीकडे वळवतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. समोर खाणे नसताना जीभ ओठांवरून फिरवतो. डोळ्याच्या कोपऱ्यातले पांढरे दिसू लागते. कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते. त्याकडेही कोणी लक्ष दिले नाही, तर तो लाकडासारखा ताठ उभा राहतो. मग गुरगुरतो. मग दात दाखवतो. आणि सर्वात शेवटी चावतो. म्हणजे चावण्यापूर्वी त्याने सात-आठ वेळा “मला हे नको” म्हणून सांगितलेले असते. “आमचा कुत्रा काही कारण नसताना एकदम चावला,” असे म्हणणाऱ्या घरात मी जाऊन चौकशी करते, तेव्हा बहुतेक वेळा कारणही सापडते आणि आधी दिलेले इशारेही सापडतात.

“भुंकणारा कुत्रा चावत नाही” ही म्हण ज्याने काढली, त्याला कुत्रा चावला नसावा एवढेच मी म्हणेन. भुंकणारा कुत्रा आनंदाने भुंकतो, रागाने भुंकतो, भीतीनेही भुंकतो. त्याचे अंग कसे आहे ते पाहावे. शेपटीचेही तसेच. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूष, असे आपण मुलांना शिकवतो. सैल अंगाने, कमरेपासून डुलत हलणारी शेपूट निराळी. आणि ताठ उभी करून थरथरल्यासारखी हलणारी शेपूट निराळी. २००७ साली इटलीतील काही शास्त्रज्ञांनी असे दाखवले, की आपला धनी दिसला म्हणजे कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला म्हणजे डावीकडे. नळीत घालून शेपूट सरळ करण्याचा खटाटोप आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ती काय सांगते ते वाचण्याचा उद्योग त्यापेक्षा पुष्कळ फायद्याचा आहे.

आणखी एक गैरसमज. आपण बाहेरून येतो, चप्पल कुरतडलेली दिसते, आपण ओरडतो. कुत्रा मान खाली घालतो, कान पाडतो, कोपऱ्यात जातो. आपण म्हणतो, “बघा, चोराच्या मनात चांदणे! याला आपली चूक बरोबर कळते.” २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी याची परीक्षा घेतली. ज्या कुत्र्यांनी काहीच केले नव्हते, त्यांच्यावर धनी रागावले, तर त्यांनीही तसाच चेहरा केला. तो चेहरा आपल्या रागाचा आरसा असतो; चुकीची कबुली नसते. दोन तासांपूर्वी कुरतडलेल्या चपलेबद्दल आता मारलेला मार त्याला कळत नाही. “बाई घरी आल्या की मारतात” एवढेच तो शिकतो.

गुरगुरण्याला शिक्षा करू नये

आता मी एका घरची हकिकत सांगते. घर सुशिक्षित, माणसे सज्जन. त्यांचा मोती नावाचा कुत्रा जेवताना जवळ कोणी गेले तर गुरगुरत असे. घरच्या मालकांना हा उद्दामपणा वाटला. गुरगुरला की नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी, असा क्रम त्यांनी सुरू केला. दोन महिन्यांत मोती गप्प झाला. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगत, “आम्ही खोड मोडली.” पुढे मे महिन्यात मुलगी माहेरपणाला आली. तिचा पाच वर्षांचा मुलगा जेवणाऱ्या मोतीच्या ताटलीजवळ बसला. मोती गुरगुरला नाही. त्याने सरळ मुलाच्या गालाचा चावा घेतला.

माझ्याकडे मोतीला आणले तेव्हा मालक विचारीत होते, “डॉक्टरीणबाई, याने आधी काही इशारा कसा दिला नाही?” मी त्यांना विचारले, “पूर्वी देत होता ना?” ते गप्प बसले. त्यांच्या पत्नी मात्र हळूच म्हणाल्या, “देत होता. आम्हीच बंद केला.”

भगिनींनो, मोतीची खोड मोडली नव्हती, त्याची घंटा मोडली होती. जेवताना कोणी जवळ आले की वाटणारी त्याची धास्ती तशीच राहिली. ती सांगण्याचे साधन तेवढे गेले. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नये. आपण थांबावे, मागे व्हावे, मुलाला बाजूला घ्यावे आणि तो कशाने अस्वस्थ झाला ते शोधावे. कधी कान दुखत असतो, कधी दात किडलेला असतो, कधी म्हातारपणी सांधे धरलेले असतात. गुरगुरणे वरचेवर होऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलांना कुत्र्याचे चावे बसतात ते बरेचदा ओळखीच्या कुत्र्याचे असतात, आणि मुलांची उंची कमी असल्यामुळे तोंडावर, मानेवर बसतात. म्हणून काही नियम घरात पाळावेतच. खाणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावावयाचा नाही. पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीजवळ जावयाचे नाही. कुत्र्याला मिठी मारावयाची नाही. आपल्याला ते प्रेम वाटते, त्याला पुष्कळदा कोंडल्यासारखे वाटते. दुसऱ्याच्या कुत्र्याला त्याच्या धन्याला विचारल्याशिवाय हात लावावयाचा नाही. अनोळखी कुत्रा अंगावर धावून आला तर पळावयाचे नाही. हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावयाचे आणि त्याच्या डोळ्यांत पाहावयाचे नाही. आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला कुत्र्याजवळ एकटे सोडावयाचे नाही, मग तो कुत्रा कितीही गरीब असो. नियम कुत्र्याच्या बाजूनेही एक आहे : जेथे मुलांनी जावयाचे नाही असा एक कोपरा त्याचा स्वतःचा असावा.

खाणे आणि दुखणी

आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे पोळी आणि दूध. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि नुसत्या पोळीने पोट भरते पण अंग धरत नाही. त्याला प्रथिने लागतात. अंडी, शिजवलेले मांस, काटे काढलेले मासे चालतात. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार ठरवून घ्यावा. उरलेसुरले सगळे कुत्र्याच्या ताटलीत, ही काटकसर पुढे दवाखान्यात महाग पडते.

काही पदार्थ त्याला विषासारखे आहेत. कांदा आणि लसूण, मग ते कच्चे असोत की आमटीतले. द्राक्षे, बेदाणे, मनुका. म्हणून शिऱ्याचा प्रसाद कुत्र्याला देऊ नये. चॉकलेट. साखर नसलेल्या गोळ्यांत व च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ घालतात, तो. आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे. ती फुटून सुईसारखी टोकदार होतात व आतडे फाडतात. आपल्या डोकेदुखीची, अंगदुखीची गोळीही त्याला कधी देऊ नये. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे जातात.

लसीचे वेळापत्रक मुलांच्या लसींसारखेच भिंतीवर लावावे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची वये झाल्यावर, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पार्व्हो नावाचा रोग जगाला १९७८ च्या सुमारास प्रथम कळला. त्यात रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जाते. त्यावरचा खरा उपाय म्हणजे आधी टोचलेली लस. लेप्टो हा उंदरांच्या मुताने पसरणारा रोग कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने काय केले, हे तिथल्या भगिनींना आठवत असेल. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये आणि त्याची लेप्टोची लस चुकवू नये.

जंताचे औषध पिल्लाला पंधरा-पंधरा दिवसांनी आणि मोठ्या कुत्र्याला तीन-तीन महिन्यांनी द्यावे. हे जंत मुलांच्या पोटातही जाऊ शकतात, म्हणून कुत्र्याशी खेळून आल्यावर हात धुणे हा नियम. गोचीड दिसली तर बोटांनी चिरडू नये, रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. गोचिडीपासून होणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. तेव्हा उद्याची वाट पाहू नये.

उन्हाळा हा आपल्या प्रांतातील कुत्र्यांचा मोठा शत्रू. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. त्याचा नेहमीचा ताप एकशे एक ते एकशे अडीच अंश असतो; एकशे चारच्या वर गेला की जिवाला धोका सुरू होतो. बंद मोटारीत त्याला पाच मिनिटेही ठेवू नये. फिरावयास पहाटे आणि दिवेलागणीनंतर न्यावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. उष्माघात झाला तर सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना हे फार लवकर होते. बर्फाच्या मुलखातले केसाळ हस्की कुत्रे नागपूर-सोलापूरच्या उन्हात आणून ठेवणे यात हौस कोणाची आणि हाल कोणाचे, याचा विचार व्हावा. आपल्या मातीतले कारवान, मुधोळ कुत्रे आहेत. मुधोळ कुत्र्याचे चित्र तर २००५ साली टपाल तिकिटावर आले. आणि आपला साधा गावठी कुत्रा या हवेला जितका सरावलेला आहे तितका दुसरा कोणी नाही.

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री घर सोडून पळतात. त्या दिवसांत त्याला संध्याकाळपूर्वीच फिरवून आणावे, आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवावे, गाणी लावावीत, आणि गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. गळपट्टा आणि मान यांत दोन बोटे सहज शिरावीत, इतका सैल असावा.

एक गोष्ट बायकांच्या सभेत स्पष्ट बोलते, कारण दवाखान्यात ती फार कुजबुजून सांगतात. घरातली कुत्री जर मादी असेल, तर ती माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी सुस्त झाली, फार पाणी पिऊ लागली, अंगावरून घाण जाऊ लागली, तर तिच्या गर्भाशयात पू झाला असण्याचा संभव असतो. लाजेखातर हे लपवल्यामुळे मरण पावलेल्या कुत्र्या मी पाहिल्या आहेत. ज्यांना पिल्ले नको आहेत त्यांनी योग्य वेळी शस्त्रक्रिया करून घ्यावी. हा धोका टळतो आणि नको असलेली पिल्ले पोत्यात भरून कोठेतरी सोडण्याचे पापही टळते.

जी गोष्ट मुले सांगत नाहीत

आता शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा भाग. रेबीज, म्हणजे ज्याला आपण कुत्रा पिसाळणे म्हणतो तो रोग. त्याची लक्षणे माणसात एकदा दिसली की त्यावर खात्रीचा इलाज नाही. रोगी बहुतेक जातोच. आणि लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर माणूस जवळजवळ खात्रीने वाचतो. आज आहे आणि उद्या नाही, असे हे दार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांतील सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात.

मुलेच इतकी का? ती कुत्र्यांशी खेळतात, हे एक कारण. दुसरे कारण मी एका वसाहतीत पाहिले. तिथल्या मुलांनी रस्त्यावरचे एक पिल्लू जिन्याखाली ठेवले होते. पाच-सहा दिवसांनी ते खाईनासे झाले, त्याचा जबडा लोंबू लागला, आणि ते मेले. मला शंका आली म्हणून मी त्याची तपासणी करविली. रेबीज निघाला. त्याच संध्याकाळी वसाहतीच्या आवारात सगळ्यांना जमवून मी विचारले, “या पिल्लाने कोणाला चावले, ओरखडले, जखमेवर चाटले?” दहा जणांनी हात वर केले. त्यांचे उपचार सुरू झाले.

अकरावा मुलगा गप्प होता. त्याच्या आईने पिल्लाला हात लावलास तर घरात घेणार नाही, असे बजावले होते. पिल्लाचा दात त्याच्या बोटाला लागला होता आणि त्याने बोटाला चिंधी बांधून “खेळताना लागले” असे सांगितले होते. रात्री त्याच्या आजीने चिंधी बदलावयास घेतली. तिने बोट पाहिले आणि त्याला जवळ घेऊन म्हटले, “बाळा, कोणी रागावणार नाही. काय झाले ते सांग.” मुलगा रडला आणि त्याने सांगितले. रात्री दहा वाजता त्याला इस्पितळात नेले. तो मुलगा आज तरुण आहे, नोकरी करतो. मी या व्यवसायात मोठमोठे तज्ज्ञ पाहिले. पण त्या रात्री त्या निरक्षर आजीने जे केले, ते कोणाही तज्ज्ञाला जमले नसते.

१८८५ सालच्या जुलैत जोझेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. चावल्याला दोनच दिवस झाले होते. पाश्चरने त्याला नवी लस टोचली आणि मुलगा वाचला. पाश्चरचे नाव जगात झाले आणि ते योग्यच झाले. पण त्या मुलाला लगेच उठवून इतक्या लांब नेणारी त्याची आई होती, हे आपण विसरू नये.

आपल्याकडे या लशीची भीती अजून घराघरांत आहे. “पोटात चौदा इंजेक्शने” हे शब्द ऐकूनच लोक जखम लपवीत. मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या त्या जुन्या लशीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. आता पोटात सुई नाही. दंडावर, चार किंवा पाच खेपा, एवढेच. सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते.

कोणत्याही कुत्र्याने चावले अथवा ओरखडले, तर करावयाचे ते असे. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद, तेल, तंबाखू यांतले काही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत भरावयाचे निराळे औषध असते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्याचे काय होते हे पाहण्यासाठी आपली लस थांबवू नये. आणि ठरलेल्या तारखा एकही चुकवू नयेत. आपला कुत्रा टोचलेला आहे, म्हणून डॉक्टरांना विचारावयाचे टाळू नये.

एवढे सगळे ठाऊक असूनही मूल सांगणार नसेल, तर काही उपयोग नाही. आणि मूल सांगेल की नाही, हे चावण्याच्या दिवशी ठरत नाही. ते त्याआधी ठरलेले असते. पेला फुटला म्हणून सांगणाऱ्या मुलाला आपण काय उत्तर दिले, त्यावर ते ठरते. मोती मारामुळे गप्प झाला आणि हा मुलगा धाकामुळे गप्प राहिला. दोघांच्याही गप्प बसण्याला घरात शिस्त म्हणत होते. भगिनींनो, शिस्त असावी, मी तिच्या विरुद्ध नाही. पण कुत्र्याच्या गुरगुरण्याला आणि मुलाच्या सांगण्याला शिक्षा होऊ नये. ज्या घरात हे दोन आवाज मोकळे आहेत, त्या घरात कुत्राही सुरक्षित आहे आणि मूलही.

मंडळाला मी दोन कामे सुचवते. आपल्या भागातील पाळीव कुत्र्यांना वर्षातून एकदा रेबीजची लस टोचण्याचे शिबिर भरवावे. २८ सप्टेंबर, पाश्चरची पुण्यतिथी, हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तोच दिवस ठरवावा. पशुवैद्य मिळवून देण्याचे काम मी अंगावर घेते. आणि दुसरे, त्या आठवड्यात जवळच्या शाळेत जाऊन मुलांना एवढेच सांगावे : कुत्रा चावला, ओरखडला, तर घरी सांगा; कोणी रागावणार नाही. ही दुसरी गोष्ट सांगण्यास डॉक्टर लागत नाही. ती आपणांपैकी कोणीही सांगू शकेल. फक्त ते वचन घरी गेल्यावर पाळावयाचे आहे.